अधांतरीची करामत

एकदा जमीन सुटली की देहाला हवेत आपला मार्ग बदलता येत नाही. मल्लखांबाच्या बोंडावरून उडी घेणारा गडी असो किंवा सर्कशीतील झोक्यावरून सुटलेला कसरतपटू असो, तो हवेत गिरकी घेईल, कोलांटी मारील, अंग आकसून पुन्हा पसरील. परंतु त्याचा गुरुत्वमध्य ज्या कमानीने जावयाचा तिनेच जाईल, कारण जिला रेटा द्यावा अशी कोणतीही वस्तू त्याच्यापाशी उरलेली नसते. खऱ्या जगात अधांतरी जी कला संभवते ती अशी केवळ अंगाचा पालट करण्याची. मार्गाचा पालट तेथे अशक्य. ज्यांस प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, म्हणजे पडद्यावरील एखाद्या पुतळ्याला धाववीत, खड्डे ओलांडीत, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उड्या मारावयास लावणारे व्हिडिओ गेम, त्यांत मात्र हे दोन्ही पालट शक्य असतात. त्यांपैकी कोणत्यास कला म्हणावे आणि कोणत्यास नुसती सजावट, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

विषय पोरखेळाचा आहे अशी नापसंती ज्यांच्या मनात उभी राहील त्यांच्याशी आम्ही येथे वाद घालीत बसत नाही. ज्या घरांत वडील मंडळी मासिके वाचतात त्याच घरांत मुले संध्याकाळचे तास-दोन तास हे खेळ खेळतात. डौलदार हालचाल कोणती आणि भडक कोणती, श्रमाने मिळालेले यश कोणते आणि फुकट वाटलेली शाबासकी कोणती, याविषयीची त्यांची रुची तेथे घडत असते. रुची जेथे घडते तेथे टीकेने फिरकूच नये, हा सोवळेपणा आम्हांस मान्य नाही.

आरंभीच्या पुष्कळ खेळांत अधांतरी करामत नव्हतीच. १९८१ सालच्या 'डाँकी काँग'मधील सुतार एकदा उडाला की त्याची कमान ठरलेली; घरंगळत येणारे पिंप चुकविताना मध्येच विचार बदलण्याची सोय नसे. कोनामी कंपनीच्या १९८६ सालच्या 'कॅसलव्हेनिया'तही हाच कायदा आहे. तेथे उडी म्हणजे दिलेला शब्द. विचार करावयाचा तो बटण दाबण्यापूर्वी, नंतर फक्त परिणाम भोगावयाचा. त्या उडीत एक कठोर गांभीर्य आहे हे कबूल केले पाहिजे. परंतु १९८५ साली निंटेंडोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला, आणि शिगेरू मियामोतो व त्यांचे सहकारी यांनी एक वेगळीच उडी घरोघर पोहोचविली. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी ती उंच जाई, आणि उडालेल्या मारिओला हवेतच पुढे किंवा मागे वळविता येई. सृष्टीचा नियम उघड उघड मोडला गेला. पण खेळणाऱ्यास हीच उडी अधिक स्वाभाविक वाटली. याचे कारण असे की खेळणाऱ्याचे मन त्या पुतळ्याच्या अंगात नसून त्याच्या मार्गात असते. खड्डा चुकेल की नाही, पलीकडची कड हाती येईल की नाही, येथेच त्याचा जीव गुंतलेला असतो. ज्याचा मार्ग आपल्या ताब्यात तो पुतळा आपला, इतका साधा हा हिशेब आहे.

वेग हाच ज्यांचा बाणा त्या खेळांत हा हिशेब फार कसोटीला लागतो. सेगा कंपनीचा 'सॉनिक द हेजहॉग' १९९१ साली निघाला. काटेरी पाठीचा हा निळा प्राणी अंगाचे मुटकुळे करून चेंडूसारखा उतारावरून सुटतो, आणि त्या वेगाचा आनंद खरोखरच अपूर्व आहे. १९९४ साली आलेल्या या मालिकेच्या तिसऱ्या खेळात, हवेत असताना बटण पुन्हा दाबण्यालाही अर्थ देण्यात आला. अग्नीचे कवच लाभले असेल तर सॉनिक आडवा सुसाट सुटतो. विजेचे असेल तर अधांतरीच दुसरी उडी घेतो. पाण्याच्या बुडबुड्याचे असेल तर खाली आदळून अधिक उंच उसळतो. आणि कोणतेच कवच नसेल तेव्हा निमिषमात्र त्याच्याभोवती ढालीसारखी एक झळक उमटते, तिची वेळ साधणाऱ्यास शत्रू थोड्या अधिक अंतरावरून टिपता येतो. बटण एकच, परंतु एकाच शब्दाचा अर्थ जसा प्रसंगावरून पालटतो तसा त्याचा अर्थ पालटतो. पाण्यात शिरताच अग्नीचे व विजेचे कवच नाहीसे होते आणि बुडबुड्याचे मात्र तेथे श्वासही पुरविते, हे पाहिले म्हणजे या योजनेमागील बुद्धीचे कौतुक वाटते. या चारही करामतींपैकी एकही निरर्थक नाही. प्रत्येकीने काही तरी बदलते.

पुढे मात्र या घराण्यात एक निराळे वळण आले. २००२ सालच्या 'सॉनिक ॲडव्हान्स २' मध्ये स्प्रिंगने किंवा उतरणीच्या टोकाने वर फेकले गेल्यावर हवेत करामती करण्याची सोय होती, आणि वरची दिशा धरली तर थोडी अधिक उंची, पुढची धरली तर थोडे अधिक अंतर मिळे. येथवर ठीकच होते. २००५ साली निंटेंडो डीएस या यंत्रासाठी 'सॉनिक रश' आला. त्यात पडद्याच्या कडेला टेन्शन गेज नावाची एक मापपट्टी आहे. सॉनिक वर फेकला गेला की खेळणाऱ्याने भराभर बटणे दाबावी, सॉनिकने हवेत हातपाय पसरून, गिरक्या घेऊन नाना तऱ्हेचे आविर्भाव करावे, आणि प्रत्येक आविर्भावागणिक मापपट्टी थोडी थोडी भरावी. ती भरली की तिच्या बळावर जमिनीवर बूस्ट नावाची मुसंडी मारता येते; वाटेतील शत्रूही त्या धडकेने उडून जातात. करामतीने वेग मिळवावयाचा, वेगाने पुढची स्प्रिंग गाठावयाची, तेथे पुन्हा करामत.

हे चक्र पाहावयास मोठे झगमगीत आहे, आणि हिदेकी नागानुमा यांच्या ठेक्यावर ते फिरू लागले म्हणजे पाहणाऱ्याचाही पाय ठेका धरतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु टीकाकाराने विचारावयाचे ते हे की त्या गिरकीत खेळणाऱ्याने पणाला काय लावले? मार्ग बहुतेक स्प्रिंगने आधीच ठरवून दिलेला आहे. चुकण्यासारखे फारसे काही नाही, निवडण्यासारखे त्याहून थोडे. ही करामत अंगाचा पालट आहे, आणि अंगाच्या पालटाशी खेळणाऱ्याचे काहीच नाते नसल्यामुळे तिला मापपट्टीचे वेतन द्यावे लागले आहे. जी गोष्ट आपल्या गोडीने केली जात नाही तिला मजुरी लागते, हा व्यवहार आम्हां अध्यापकांस परीक्षेच्या गुणांवरून चांगला परिचित आहे.

आपल्या अलंकारशास्त्रात हा वाद जुनाच आहे. मम्मटाने अलंकारांना हार इत्यादी भूषणांची उपमा दिली; अंगावर घातले तर शोभा वाढवितात, नसले म्हणून देहाचे अडत नाही. 'वक्रोक्तिजीवित'कार कुंतकाची दृष्टी वेगळी. अलंकार आणि अलंकार्य यांची फारकत ही केवळ समजावून देण्यापुरती. काव्यात ती दोन्ही एकजीव असतात, आधी अर्थ आणि मग वरून भूषण असा क्रम तेथे नसतो, असे त्याचे म्हणणे. 'सॉनिक रश'ची गिरकी हाराच्या जातीची आहे. इतकेच की हा हार घातल्याबद्दल घालणाऱ्याला दर वेळी चार पैसे मिळतात.

यावर कोणी म्हणेल, अंगाचा पालट खेळात कधी अर्थपूर्ण होऊच शकत नाही काय? होऊ शकतो. १९९९ साली निघालेला 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' हा चाकांच्या फळीवरील कसरतींचा खेळ, म्हणजे प्लॅटफॉर्म गेमचा शेजारी. तेथेही गुण गिरक्यांनाच मिळतात. पण गिरकी पुरी होण्यापूर्वी जमीन लागली तर खेळाडू सपशेल आपटतो आणि त्या साखळीत जमविलेले सारे गुण गमावतो. आणखी एक गिरकी घ्यावी की आता पाय टेकावे, हा लोभ आणि भय यांचा झगडा त्या अर्ध्या सेकंदात खरा असतो. अंगाच्या पालटाला तेथे जमिनीचे भय आहे, म्हणून त्याला किंमत आहे.

मार्गाच्या पालटाचे सर्वांत सुरेख उदाहरण आमच्या मते 'सेलेस्ट' हे होय. मॅडी थॉरसन व नोएल बेरी यांनी या खेळाचा एक लहानसा नमुना अवघ्या चार दिवसांत केला. पुढे मोठ्या परिवारासह त्यांनी २०१८ साली पूर्ण खेळ प्रसिद्ध केला. मॅडेलिन नावाची एक तरुणी सेलेस्ट नावाचा पर्वत चढते, एवढेच त्याचे कथानक. हवेत असताना तिला आठ दिशांपैकी कोणत्याही एका दिशेने एकच झेप घेता येते. पाय जमिनीला लागल्यावाचून, किंवा वाटेत टांगलेला एखादा स्फटिक स्पर्शिल्यावाचून, दुसरी झेप नाही. झेप हाती असेपर्यंत तिचे केस तांबडे असतात, ती खर्च होताच निळे होतात. म्हणजे शिलकेचा हिशेब येथेही आहे, परंतु तो पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टीवर मांडलेला नाही. तो नायिकेच्या मस्तकावरच आहे, आणि खेळणाऱ्याची नजर तेथे असतेच. झेपेच्या क्षणी सारे जग डोळ्याचे पाते लवण्याइतके थबकते आणि मग ती सुटते. समेवर येण्यापूर्वी कसलेला तबलजी जी सूक्ष्म उसंत घेतो तिची आम्हांस या ठिकाणी हटकून आठवण होते.

एकच झेप असल्यामुळे ती कोठे खर्चावयाची हा प्रश्न प्रत्येक उडीत नव्याने उभा राहतो. लवकर घेतली तर पुढचा काटेरी कोपरा अंगावर येतो, उशिरा घेतली तर खड्डा. चुकीची शिक्षा तात्काळ होते, पण ती क्रूर नाही. मॅडेलिन क्षणात त्याच दालनाच्या आरंभी पुन्हा उभी असते. शिवाय निर्मात्यांनी गुपचूप एक दयाही ठेवली आहे. कडेवरून पाय सुटल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंदपर्यंत उडी मान्य केली जाते. व्यंगचित्रपटातील जो कोल्ह्यासारखा प्राणी कडा ओलांडून हवेतच धावत राहतो आणि खाली पाहिल्यावरच पडतो, त्याच्या नावावरून या सवलतीला 'कोयोटी टाइम' म्हणतात.

कथानकाशी ही झेप किती एकजीव झाली आहे, ते तर विशेषच पाहण्यासारखे आहे. मॅडेलिनला धास्तीचे झटके येतात. तिच्याच मनाचा काळोखा भाग दुसऱ्या देहाने तिच्या मागे लागतो आणि चढण्यापासून तिला परावृत्त करू पाहतो. खेळाच्या उत्तरार्धात त्या दोघींचा समेट होतो, आणि समेट होताच मॅडेलिनला हवेत एकीऐवजी दोन झेपा घेता येऊ लागतात. मनाची दुफळी मिटल्याचे वर्णन येथे कोणी शब्दांत करीत नाही. ते खेळणाऱ्याच्या अंगठ्याला कळते. कुंतकाला हा प्रकार समजावून सांगावा लागला नसता.

इतर काही चांगल्या खेळांत खेळणारा स्वतःच अधांतरी आधार उभा करतो. २०१७ सालच्या 'सुपर मारिओ ओडिसी'त मारिओ हवेतून आपली टोपी पुढे फेकतो आणि सूर मारून तिच्यावरच पाय देऊन उसळतो. २०१५ सालच्या 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट'मध्ये अंगावर आलेला शत्रूचा गोळाच पकडून, त्याला एकीकडे भिरकावून आपण उलट दिशेस उडता येते. आरंभी ज्या रेट्याची उणीव सांगितली तो रेटा येथे शत्रूच पुरवितो.

'सेलेस्ट'मध्ये 'असिस्ट मोड' म्हणून एक सवलत आहे. तिच्यायोगे खेळाचा वेग मंद करता येतो, झेपा हव्या तितक्या घेता येतात, मरणही टाळता येते. कित्येक पट्टीचे खेळाडू या सवलतीला नाके मुरडतात. अमर्याद झेपांनी त्या एका झेपेची किंमत नाहीशी होते हे त्यांचे म्हणणे खरे आहे; परंतु ज्याची बोटे दुखरी आहेत किंवा हात कापतो, त्याने पर्वताच्या पायथ्याशीच बसून राहावे हे आम्हांस पटत नाही. निर्मात्यांनी सवलत ठेवली आणि ती केव्हा घ्यावयाची हे खेळणाऱ्यावर सोपविले, यात त्यांनी मापपट्टीवाल्यांपेक्षा खेळणाऱ्याचा अधिक मान राखला आहे.

दुसऱ्या टोकाला निष्णातांची मौज आहे. तिरकस खाली झेप घेऊन पाय जमिनीस लागताच नेमक्या क्षणी उडी मारली, तर झेपेचा वेग कायम राहतो आणि झेपही परत मिळते. ही 'वेव्हडॅश' नावाची युक्ती वेगाने खेळणाऱ्या मंडळींत आधीच रूढ होती. २०१९ साली जोडलेल्या 'फेअरवेल' या शेवटच्या प्रकरणात निर्मात्यांनी तिच्यावर एक धडाच घातला. चित्रे एकामागून एक सरकवीत रीतसर व्याख्यान होते, आणि ते संपल्यावर पुढची वाट त्या युक्तीवाचून सुटत नाही. व्याख्यान फार तर दोन मिनिटांचे. वाट सुटण्यास आमच्या एका विद्यार्थ्याला तीन संध्याकाळी लागल्या.