आज्ञापत्रातील वृक्षविषयक आज्ञा : एक पुनर्विचार

छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकूमतपनाह’ या अधिकाराने महाराष्ट्रातील राज्यकारभार सांभाळला. इ.स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावे ओळखले जाते. त्याच्या आरमार प्रकरणातील वृक्षविषयक आज्ञेचा पर्यावरणप्रेमाचा पुरावा म्हणून नेहमी गौरव होतो. परंतु तिचा खरा विषय हक्क हा आहे. आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा, फणस मात्र रयतेने वर्षानुवर्षे श्रमाने वाढविलेले, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊनच घ्यावे. म्हणजे येथे हक्काचा आधार लागवडीचे श्रम हा होय.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या जंगलांत हा निकष अपुरा पडतो. जे वन कोणी लावले नाही, परंतु पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यावर आदिवासी समाजाचा हक्क कोणता? याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावास मिळालेल्या सामूहिक वनहक्कात सापडते. अमात्यांची थोरवी याने उणावत नाही. बळजोरीपेक्षा संमती श्रेष्ठ, हे त्यांचेच तत्त्व परसातील आंब्यापासून वनातील सागापर्यंत पोहोचते.