दुसऱ्या मालकाची कॅडिलॅक

१९५७ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअमवरचा कुठलाही लेख उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक यादी येतेच. पुढे चार हेडलाइट. छत घासून मऊ चमक आणलेल्या स्टेनलेस स्टीलचं. ड्रायव्हरची बसण्याची जागा लक्षात ठेवणारी इलेक्ट्रिक सीट. समोरून गाडी आली की आपोआप मंद होणारे दिवे. ग्लोव्ह बॉक्समध्ये चुंबकाने चिकटून राहणारे पेले. मागे बसणाऱ्या बाईसाठी लिपस्टिक, पावडरचा डबा, चामड्याची छोटी वही आणि लाँव्हँ कंपनीच्या 'आर्पेज' अत्तराची फवारणीची बाटली. आणि या सगळ्याखाली, स्प्रिंगांच्या जागी, हवा.

किंमत १३,०७४ डॉलर. त्या वर्षी साधी कॅडिलॅक पाच हजारांच्या आत मिळायची. १९५७ मध्ये अशा ४०० गाड्या बनल्या, १९५८ मध्ये ३०४. एकूण ७०४. यादी संपते, हा आकडा येतो, आणि लेखक दुर्मिळतेपुढे हात जोडतो.

मला ही यादी वाचायला आवडते. पण तिच्यात एक खोच आहे. ती नेहमी पहिल्या मालकाच्या पहिल्या दिवशी लिहिलेली असते. त्या दिवशी सीटला जागा आठवते, अत्तराची बाटली भरलेली असते आणि गाडी जमिनीपासून योग्य उंचीवर उभी असते. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही टाळ्या रिलीजच्या दिवशी वाजतात, आणि वस्तू खरी कशी आहे ते पुढच्या दोन-चार वर्षांत कळतं, बहुतेक वेळा मूळ टीम दुसरीकडे गेल्यावर. म्हणून मला ब्रोअमचा इतिहास दुसऱ्या मालकाच्या बाजूने वाचावासा वाटतो. तसा वाचला की 'मर्यादित आवृत्ती' या शब्दाचा अर्थच बदलतो.

शोमधून रस्त्यावर

ब्रोअमचा जन्म प्रदर्शनात झाला. जनरल मोटर्स तेव्हा 'मोटोरामा' नावाचं फिरतं प्रदर्शन भरवायची. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात दिवे, संगीत, फिरते मंच, आणि त्यांवर उद्याच्या गाड्या. कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल या प्रकारातला उस्ताद. १९५४ च्या मोटोरामात त्याने 'पार्क अॅव्हेन्यू' ही चार दारांची शो-कार दाखवली, १९५५ मध्ये 'एल्डोराडो ब्रोअम' नावाचाच नमुना आणला, आणि तो जवळजवळ तसाच विक्रीला आला. इथेच गाडीचा स्वभाव ठरला. शो-कारला फक्त उभं राहायचं असतं. तिला पाऊस नाही, खड्डे नाहीत, पंधरा वर्षं नाहीत.

दारांचं उदाहरण घ्या. मधला खांब न ठेवता पुढचं दार पुढे आणि मागचं दार मागे उघडणारी ही रचना मंचावर अप्रतिम दिसते. दोन्ही दारं उघडली की गाडीचा सबंध दिवाणखाना समोर. पण मागे बिजागरी असलेलं दार चालत्या गाडीत चुकून उघडलं, तर वारा ते मिटत नाही, आणखी ओढतो. म्हणून इंजिनीअरांनी सोय केली: गाडी गिअरमध्ये असेल तर मागची दारं उघडणारच नाहीत. सोय हुशार आहे. पण क्रम बघा. आधी एक देखणा निर्णय, मग त्यातून आलेला धोका, मग तो धोका झाकणारी यंत्रणा, आणि जाहिरातीत मात्र ती यंत्रणा हे आणखी एक वैशिष्ट्य. आपल्या रोजच्या अॅप्समधली निम्मी 'फीचर्स' अशीच जन्मतात.

हवा

ब्रोअमचा सगळ्यात मोठा दावा सस्पेन्शनचा होता. चारही चाकांपाशी पोलादी स्प्रिंगांऐवजी धातूच्या टोपीखाली रबरी पडदा, आणि आत दाबाखालची हवा. एक कॉम्प्रेसर हवा पुरवत राहतो. गाडीची उंची बघून व्हॉल्व्ह हवा आत घेतात किंवा सोडतात. मागे तीन धट्टीकट्टी माणसं बसली तरी गाडी मागून दबत नाही. व्हॉल्व्हना बोजा कळतो आणि ते तेवढी हवा वाढवतात. कागदावर हे स्प्रिंगेपेक्षा सरस आहे, कारण स्प्रिंगेचा ताठरपणा ठरलेला असतो. रिकाम्या गाडीसाठी तो जास्त आणि भरलेल्या गाडीसाठी कमी पडतो.

मग रबर म्हातारं झालं, जोड सैल झाले, व्हॉल्व्हमध्ये ओल आणि घाण शिरली. हवा कुठूनही निसटू शकते, आणि ती निसटताना तेलासारखा डागही ठेवत नाही. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर, नाहीतर सगळीच, खाली बसलेली. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण इतकी शब्दशः क्वचित लागू पडत असेल. कित्येक मालकांनी हवेची व्यवस्था काढून टाकली आणि साध्या स्प्रिंगा बसवल्या. जनरल मोटर्सने १९५८ मध्ये आपल्या इतर ब्रँडांनाही हवेचं सस्पेन्शन पर्याय म्हणून देऊन पाहिलं आणि थोड्याच वर्षांत तो नाद सोडला.

यावर ठरलेली टीका अशी: अमेरिकन भपका, बाहेरून क्रोम, आतून गळती. मला ती आळशी वाटते, आणि त्याचं कारण फ्रान्समध्ये आहे.

एक गळणारी फ्रेंच गाडी

ऑक्टोबर १९५५. पॅरिसच्या मोटर शोमध्ये सिट्रोएन कंपनीने 'डीएस' आणली. पहिल्या दिवसअखेर बारा हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या. रोलाँ बार्थने तिच्यावर निबंध लिहिला आणि मोटारगाडीला गॉथिक कॅथीड्रलच्या शेजारी नेऊन बसवलं. वाहनसमीक्षा नावाचा काही प्रकार असेल, तर त्याचा तो पाया.

डीएसही स्प्रिंगांवर चालत नव्हती. गोल टाक्यांमध्ये बंदिस्त नायट्रोजन आणि त्याला दाबणारं द्रवाचं दडपण. हेतू ब्रोअमसारखाच: बोजा कितीही असो, उंची तीच. आणि तीही सुरुवातीला गळायची, बिघडायची. तिच्यातला द्रव हवेतली ओल शोषून घ्यायचा आणि आतले भाग गंजायचे. म्हणजे पहिली आवृत्ती दोघांचीही कच्चीच.

फरक पुढच्या वर्षांत पडला. सिट्रोएनने दुरुस्त्या चालू ठेवल्या आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात द्रवच बदलला. लाल द्रवाच्या जागी पाणी न शोषणारं हिरवं खनिज तेल आलं. डीएस १९७५ पर्यंत बनत राहिली, एकूण साडेचौदा लाखांच्या आसपास. इतक्या गाड्या रस्त्यावर असल्या की गावोगावचे मेकॅनिक त्या शिकतात, सुटे भाग बनवणं परवडतं, आणि प्रत्येक बिघाड ही पुढच्या सुधारणेसाठी माहिती ठरते.

सातशे चार गाड्यांच्या नशिबी हे येत नाही. सातशे चार ग्राहकांसाठी यंत्रणा पुन्हा आखणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकने अशी गाडी आयुष्यात पाहिलेली नसते. जिथे वापरणारे मोजके, तिथे चुकाही मोजक्यांना सापडतात आणि कुणालाच दुरुस्त कराव्याशा वाटत नाहीत.

माझा मुद्दा एवढाच आहे. ब्रोअम दुर्मिळ असूनही बिघडली, असं आपण म्हणतो. खरं तर ती बिघडलेलीच राहिली, याचं एक मोठं कारण तिची दुर्मिळता होतं. पहिल्या मालकाला जी गोष्ट मिरवायला मिळाली, तिचंच बिल दुसऱ्या मालकाला आलं.

कमी ठेवणारी गाडी

मग मोजक्या गाड्या चांगल्या बनवताच येत नाहीत का? ब्रोअमच्या वेळेचंच उत्तर आहे: फोर्डची कॉन्टिनेन्टल मार्क टू, १९५६ आणि १९५७. सुमारे तीन हजार बनल्या. किंमत दहा हजार डॉलरच्या घरात. फ्रँक सिनात्रा आणि एल्विस प्रेस्ली तिचे मालक होते. तिच्यावर क्रोम कमी, शेपटीला पंख नाहीत, रेषा शांत. इंजिन लिंकनचं, हात बसलेलं. खर्च झाला तो जोडणीच्या आणि रंगाच्या नेटकेपणावर. एअर कंडिशनर हा जवळजवळ एकमेव पर्याय.

मार्क टूच्या डिझायनरांनी नवीन कमी केलं, म्हणून बिघडायलाही कमी ठेवलं. मोजक्या गाड्या बनवायच्या असतील तर ओळखीची यंत्रणा वापरा आणि कष्ट हातकामावर घाला, हा शहाणपणा तिच्यात आहे. तरीही तिला आदर्श म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. तीही तोट्यात गेली आणि दोन वर्षांत बंद पडली. शिवाय तिने पुढच्या गाड्यांना फारसं शिकवलं नाही. ब्रोअमची आठवण ठेवणारी सीट आणि गिअर पडला की अडणारी दारं आज वेगळ्या रूपात आपल्याकडच्या एसयूव्हींमध्येही आहेत. चुकायची तयारी असलेली गाडी काहीतरी मागे ठेवून जाते. फक्त त्या चुकांची किंमत कुणी मोजली, हे विचारायला हवं.

अर्लचा हिशेब

हार्ली अर्लच्या नावावर पन्नाशीतलं एक विधान नेहमी सांगितलं जातं. त्याचा आशय असा: पूर्वी लोक गाडी पाच वर्षं ठेवायचे, आता दोन वर्षं ठेवतात, एका वर्षावर आलं की आम्हाला पैकीच्या पैकी गुण. १९६० मध्ये व्हान्स पॅकार्डने 'द वेस्ट मेकर्स' या पुस्तकात या वृत्तीला धारेवर धरलं. पण ब्रोअमला त्या रांगेत सरळ उभं करता येत नाही. ती मुद्दाम तकलादू केलेली नव्हती. तिच्यावर हातकाम भरपूर होतं. तिच्या जडणघडणीत दहाव्या वर्षाची कल्पना मात्र नव्हती, कारण जिच्यासाठी ती बनवली त्या माणसाकडे दहाव्या वर्षी वेगळी गाडी असणार होती. दुसरा मालक आराखड्यात नव्हताच.

१९५९ आणि १९६० मध्ये हेच नाव इटलीला गेलं. बॉडी तुरीनमध्ये पिनिनफारिनाकडे हाताने बनू लागली. पहिल्या वर्षी ९९, दुसऱ्या वर्षी १०१. मग ब्रोअमचा हा अध्याय बंद. ४००, ३०४, ९९, १०१. या ओळीला 'मर्यादित आवृत्ती' म्हणणं छान वाटतं. मला ती हळूहळू आटत गेलेली हौस दिसते. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे होतं, आणि कंपनीलाही ते पेललं नाही.

छत आणि हवा

एक गोष्ट मात्र माझ्या मांडणीला चकवते. ब्रोअममधलं सगळ्यात दिखाऊ काय, तर ते स्टीलचं छत. सगळ्यात गंभीर इंजिनीअरिंग कुठलं, तर सस्पेन्शन. काळाने निकाल उलटा दिला. छताला रंग नाही म्हणून तो उडत नाही, गंज सहसा लागत नाही. आजही ते तसंच चमकतं. म्हणून 'भपका वाईट, तंत्र चांगलं' असा सोपा निवाडा इथे चालत नाही. कोणता भाग दुसऱ्या मालकापर्यंत पोचतो, हे तो मिरवण्यासाठी होता की कामासाठी, यावर ठरत नाही. त्याला जगायला किती जणांची मदत लागते, यावर ठरतं. छताला कुणाचीच लागत नाही. हवेला कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, रबर, मेकॅनिक, कारखाना, सगळे लागतात.

आज ब्रोअम दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांपुढे जो प्रश्न आहे, तो मला या गाडीवरची सर्वांत चांगली समीक्षा वाटतो. स्प्रिंगा ठेवायच्या की हवा परत आणायची? स्प्रिंगा ठेवल्या तर गाडी निर्धास्त चालते, पण मग ती ब्रोअम कितपत उरली? हवा परत आणायची तर नव्या रबराचे पडदे, तासलेले व्हॉल्व्ह आणि कित्येक शनिवार-रविवार. काही जण हे करतात. जुने भाग उघडतात, कुठे गळतं ते शोधतात आणि कळलेलं एकमेकांना सांगतात. जनरल मोटर्सने सोडून दिलेली दुसरी आवृत्ती ही माणसं आता, बिनपगारी, पूर्ण करताहेत. मला विचाराल तर मी हवेच्या बाजूने आहे. ते अस्सल आहे म्हणून नाही. ज्या यंत्रणेवर कंपनीने हात टेकले, ती चालू शकत होती हे सिद्ध होतं म्हणून.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी सेकंड हँड असते, आणि पहिला चांगला फोनही कुणीतरी वापरून सोडलेला. ज्यांच्यासाठी वस्तू आखलेली नसते, ते आपणच असतो. तेव्हा पुढचं लाँच पाहताना, मोठा स्क्रीन आणि 'फक्त इतकेच नग' ऐकताना, यादी जरूर वाचा. मग त्या यादीतल्या एकेका ओळीपुढे एक नाव लिहून बघा: सात वर्षांनी हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? ब्रोअमच्या यादीत ते नाव छतापुढे लिहावंच लागत नाही. बाकी बहुतेक ओळींपुढे जागा कोरी राहते.