सलगी आणि पडताळा : मुलाखत-पॉडकास्टच्या स्वरूपाचा विचार

मराठीतील ‘मुलाखत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जुन्या पत्रव्यवहारात तो निव्वळ ‘भेट’ या अर्थाने येतो. पुढे वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्या काळात त्याला प्रसिद्धीसाठी केलेल्या प्रश्नोत्तरांचा अर्थ प्राप्त झाला. भेटीत दोन्ही पक्ष काही देतात व काही घेतात. प्रश्नोत्तरांत एकाने विचारावयाचे आणि दुसऱ्याने सांगावयाचे, अशी कामाची वाटणी असते. गेल्या दोन दशकांत रूढ झालेल्या मुलाखत-पॉडकास्टने दुसऱ्या अर्थाची मुलाखत पुन्हा पहिल्या अर्थाकडे नेली, असे म्हणता येईल. या बदलाने मुलाखतीला काय मिळाले आणि तिने काय गमावले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकन विनोदकार मार्क मॅरन याच्या ‘डब्ल्यूटीएफ’ या पॉडकास्टचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे तिचा आरंभ, वाढ आणि शेवट ही तिन्ही आता अभ्यासकासमोर आहेत.

पॉडकास्ट आणि मुलाखत यांचा संबंध आकस्मिक नाही. २००३ च्या जुलै महिन्यात हार्वर्ड विद्यापीठात क्रिस्तोफर लायडन या नभोवाणीवरील अनुभवी निवेदकाने ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती डेव्ह वायनर याच्या साहाय्याने इंटरनेटवरून प्रसृत झाल्या. ज्यांना या माध्यमाचा आरंभ मानतात, त्या या मुलाखतीच होत. एकदा नाव नोंदविले की पुढचा प्रत्येक भाग श्रोत्याकडे आपोआप पोहोचावा, एवढीच यातील तांत्रिक कल्पना. परंतु तिचे वाङ्मयीन परिणाम मोठे झाले. नभोवाणीवरील मुलाखतीला घड्याळाचे बंधन असते. त्यामुळे प्रश्न नेमका आणि उत्तर आटोपशीर असावे लागते. हे बंधन नाहीसे होताच अडखळणे, विषयांतर, मौन आणि पुनरुक्ती यांनाही मुलाखतीत स्थान मिळाले. माणूस जे सांगतो त्याबरोबरच तो ते कसे सांगतो, हेही ऐकण्याचा विषय झाले.

मॅरनची सुरुवात अपयशातून झाली. ‘एअर अमेरिका’ या नभोवाणी-संस्थेतील त्याचे काम संपले होते, रंगमंचावरील कारकीर्द मंदावली होती आणि दुसरा विवाह मोडत होता. पहिले काही भाग त्याने व निर्माता ब्रेंडन मॅकडॉनल्ड याने त्याच संस्थेच्या ध्वनिमुद्रणकक्षात रात्री, परवानगी न घेता मुद्रित केले. नंतर मॅरन लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागातील आपल्या घरी परतला आणि तेथील गॅरेज हेच मालिकेचे स्थान ठरले. पाहुणे म्हणून प्रथम आले ते त्याचे समव्यवसायी. त्यांच्यापैकी अनेकांशी त्याचे जुने हेवेदावे होते आणि कित्येक संभाषणांचा खरा विषय तोच असे.

मालिकेच्या वाढीची कारणे शोधताना नियमितपणा प्रथम लक्षात घेतला पाहिजे. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, नवा भाग येत असे. हा क्रम सोळा वर्षे चालला आणि भागांची संख्या सोळाशेच्या पुढे गेली. दुसरे कारण प्रत्येक भागाच्या आरंभीच्या स्वगताचे. पाहुण्यापूर्वी श्रोत्याला मॅरनच भेटे. त्याची मांजरे, त्याची व्यसनमुक्ती, त्याचा चिडखोर स्वभाव यांची हकीकत भागागणिक पुढे सरके. पाहुणा बदलत राहिला तरी विचारणारा तोच राहतो आणि श्रोत्याचे नाते त्याच्याशी जडते. कादंबरीच्या वाचकाचे जसे निवेदकाशी जडते तसे. तिसरे कारण सहज ध्यानात येत नाही. अनिर्बंध वाटणारे हे संभाषण मॅकडॉनल्डच्या संपादनातून गेलेले असे. म्हणजे येथील सहजता हीसुद्धा एक रचना आहे.

या रचनेचे सामर्थ्य रॉबिन विल्यम्स याच्या मुलाखतीत दिसते. एप्रिल २०१० मध्ये प्रसृत झालेल्या या भागासाठी मॅरन त्याच्या घरी गेला होता. ज्या नटाची ओळख झंझावाती विनोदाने झाली होती, तो येथे संथपणे मद्यासक्ती, नैराश्य आणि मृत्यूचे विचार यांविषयी बोलतो. विल्यम्सच्या २०१४ मधील मृत्यूनंतर या भागाला वेगळेच वजन आले आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला. मॅरन स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला असल्याने येथे विचारणारा आणि सांगणारा एकाच पातळीवर येतात. सलगी हे या प्रकाराचे साधन आहे आणि ते येथे सार्थ ठरते.

परंतु सलगी म्हणजे सत्य नव्हे. मालिकेच्या सर्वाधिक नावाजलेल्या संभाषणांत लुई सी. के. याच्याशी झालेले, ऑक्टोबर २०१० मधील दोन भागांचे संभाषण मोडते. दोघे जुने मित्र. मैत्री का आटली, कोणी कोणाचा हेवा केला, कोण केव्हा पाठीशी उभे राहिले नाही, याचा उलगडा ते श्रोत्यांसमक्ष करतात. त्यातील भावनेचा खरेपणा नाकारण्याचे कारण नाही. तथापि नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच स्त्रियांनी लुईविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि ते खरे असल्याचे त्याने मान्य केले. तेव्हा मॅरनने आपल्या पॉडकास्टमध्ये सांगितले, की या अफवांविषयी आपण त्याला पूर्वी विचारले होते, त्याने त्या नाकारल्या आणि मित्र म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवला. हे निवेदन प्रामाणिक आहे. पण त्यामुळेच ते या प्रकाराची मर्यादा स्पष्ट करते. मैत्रीच्या जिव्हाळ्यातून माणूस मैत्रीविषयी खरे बोलेल. जे त्याला लपवावयाचे आहे ते तो त्याच जिव्हाळ्याच्या आडोशाने लपवील. श्रोत्याला मात्र ‘या माणसाने सारे काही उघड केले’ असा प्रत्यय येत राहतो. कबुलीचा सूर आणि कबुली यांत अंतर आहे, हे तो विसरतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. तो याच मालिकेत आढळतो. २०१० मध्येच मॅरनने कार्लोस मेन्सिया याची मुलाखत घेतली. इतरांचे विनोद उचलल्याचा आरोप त्याच्यावर होत असे. पहिल्या बैठकीत त्याने सर्व प्रश्नांना सफाईदार उत्तरे दिली. मॅरनचे समाधान झाले नाही. त्याने मेन्सियाला ओळखणाऱ्या दोन विनोदकारांशी स्वतंत्रपणे बोलून घेतले आणि मग तो पुन्हा मेन्सियाकडे गेला. हे सर्व दोन भागांत क्रमाने प्रसृत झाले. येथे मुलाखतकार सलगी सोडत नाही, परंतु तिच्यावर विसंबूनही राहत नाही. ऐकलेल्याचा पडताळा घेऊन तो परत येतो. श्रोत्यालाही पहिली मुलाखत दुसरीच्या उजेडात नव्याने ऐकावी लागते. मालिकेतील सर्वांत श्रेष्ठ मुलाखत कोणती, या प्रश्नाचे उत्तर या जोडभागांकडे बोट दाखवूनच द्यावे लागेल.

कीर्तीच्या दृष्टीने मात्र मालिकेचा कळस जून २०१५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्या गॅरेजमध्ये आले तेव्हा, गाठला गेला. चार्ल्सटन येथील चर्चमधील हत्याकांडाला दोनच दिवस झाले होते आणि वर्णद्वेषाविषयी ओबामा तेथे जे बोलले त्याची चर्चा जगभर झाली. या माध्यमाची प्रतिष्ठा त्या दिवशी सिद्ध झाली, यात शंका नाही. पण मुलाखत या नात्याने तिचे मूल्यमापन करताना हात आखडता घ्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षाला गॅरेजमध्ये बसविल्याने तो समव्यवसायी होत नाही. आणि समव्यवसायाचे नाते नसताना उरतो तो सलगीचा केवळ सूर. तो सूर सत्ताधाऱ्याला फारच सोयीचा असतो. अडचणीचा प्रश्न विचारणे म्हणजे पाहुणचारात न्यून, असे वातावरण आपोआप निर्माण होते. मालिकेच्या अखेरच्या भागातही ओबामाच पाहुणे होते, हे या दृष्टीने सूचक आहे : जी वाढ हेवा आणि भांडण यांच्या उलगड्यातून झाली, तिची सांगता मान्यवराच्या सौजन्यपूर्ण सहवासात झाली.

या विवेचनातून मुलाखत-पॉडकास्टच्या समीक्षेसाठी एक कसोटी हाती येते. पाहुणा किती मोठा, श्रोते किती, संभाषण किती तास चालले, या गोष्टी वाढीच्या निदर्शक आहेत; गुणवत्तेच्या नव्हेत. पाहुणा किती मोकळेपणाने बोलला, हीसुद्धा अपुरी कसोटी होय. मुलाखतकाराने स्वतःचे काही पणाला लावले काय, आणि ऐकलेले पडताळून तो पुन्हा विचारावयास गेला काय, हे दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर मिळते ती गोड मैफल. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तेथे मात्र ‘मुलाखत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, भेट आणि प्रश्नोत्तरे, एकमेकांना पूरक ठरतात.