पागोट्याचा पेच

दिवाळीच्या किल्ल्यावर उभा राहणारा घोडेस्वार आता पूर्वीसारखा ओबडधोबड राहिलेला नाही. घोड्याच्या मानेचा बाक, ढालीवरची फुले, मिशीचा पीळ, सगळे जिथल्या तिथे. रंगवणाऱ्यांचा हात चांगला बसला आहे. अभ्यास मात्र डोक्यापाशी येऊन अडतो. पन्नास स्वार मांडा, पन्नासांच्याही डोक्यावर एकाच भगव्या छटेचे, एकाच घडीचे पागोटे!

मराठी घोडदळाला गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, सोबत एक पखालजी आणि एक नालबंद, असा हिशोब सभासदाच्या बखरीत आहे. (हे दोघे कुणाच्याच मांडणीत दिसत नाहीत. खोगीरभरती म्हणून गाळले असावेत.)

अंगरख्या-पागोट्यासाठी मग जुन्या चित्रांकडेच वळावे लागते, आणि तिथे काळाचे भान सुटते. इटालियन प्रवासी मनुची याच्या संग्रहातले मीर मोहम्मदाचे अश्वारूढ शिवराय पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. इंग्रज अधिकारी ब्रॉटनने 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रे 1813 मध्ये रंगीत चित्रांसह छापली गेली. दोन्हींत सव्वाशे वर्षांचे अंतर. तरी शिंदेशाही पगडी बांधलेला स्वार प्रतापगडाच्या पायथ्याशी बिनदिक्कत उभा असतो. रूढ झालेले चित्र किती चिवट असते पाहा: इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली खरे चित्र पुढे आणेपर्यंत इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे चित्र शिवरायांचे म्हणून चालत होते. आज ते काम सिनेमातले कपडे करतात.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या 120 गोल पानांत राजा आणि प्रधान येतात. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीत तर रथ, घोडे, योद्धे यांची रेलचेल. पण ती रामायण-महाभारताची चित्रे आहेत, लष्कराचे हजेरीपट नव्हेत. त्यांतला मुकुट उचलून मावळ्याला घालणे हा आळस झाला. शिकायची ती रेघ: दोन फटकाऱ्यांत कापडाचा पीळ कसा उभा राहतो, ते. बोटभर उंचीच्या स्वाराला एवढेच लागते.

आणि सिंधुदुर्ग किल्ल्यातला शिवराजेश्वर? राजाराम महाराजांनी उभारलेल्या त्या मंदिरातल्या मूर्तीला दाढी नाही, आणि डोक्यावरची टोपी नावाड्याची वाटावी अशी. घोडदळ देशावरचे, इथे दर्यावर्दींचे राज्य, हे त्या मूर्तीपुढे लगेच पटते. वर जिरेटोप चढवलेला असला की ते लक्षात येत नाही, एवढेच.

मालवणात किल्ला मांडणाऱ्यांना म्हणूनच विनंती: यंदा चार घोडे कमी करा, एक गलबत ठेवा. आणि उरलेल्या स्वारांपैकी एखाद्याचे पागोटे मळक्या पांढऱ्या रंगात रंगवून पाहा.