पत्त्याचा कोपरा

पत्त्यांच्या कॅटवर समीक्षा लिहावी असं सहसा कुणाला वाटत नाही. सिनेमावर लिहितात, वेबसिरीजवर लिहितात, हल्ली मीमवरही लिहितात. पण घराघरात पडून असलेल्या या बावन्न चित्रांकडे आपण चित्रं म्हणून बघतच नाही. का बघत नाही, याचं उत्तर पत्त्याच्या कोपऱ्यात आहे असं माझं मत आहे.

रमीचे तेरा पत्ते हातात धरून बघा. प्रत्येक पत्त्याची डावीकडची एक पट्टी तेवढी दिसते. तिच्यात अक्षर किंवा आकडा आणि खाली बदाम, नाहीतर किलवर. सगळा डाव तेवढ्यावर चालतो. ही सोय जुन्या पत्त्यांत नव्हती. कोपऱ्यात खूण छापण्याचं एक पेटंट अमेरिकेत 1864 साली निघालं. पुढच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं तसे पत्ते 'स्क्वीझर्स' या नावानं विकले, कारण ते एकमेकांवर दाबून धरले तरी ओळखू यायचे. तिच्या प्रतिस्पर्ध्यानं, अँड्र्यू डॉहर्टीनं, 1876 मध्ये 'ट्रिप्लिकेट्स' आणले. त्यात कोपऱ्यात अख्खा पत्ताच छोटा करून छापलेला. पुढे दोघांचं जमलं, आणि एका कॅटच्या पाठीवर दोन कुत्रे आले. दोघेही आपापल्या घराला साखळीनं बांधलेले, एकाचं नाव स्क्वीझर, दुसऱ्याचं ट्रिप. धंद्यातल्या तहाचं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेवटी टिकला तो स्क्वीझरचा साधा कोपरा. त्यानं भाषाही बदलली. इंग्रजीत गुलामाला आधी 'नेव्ह' म्हणत. त्याची 'केएन' ही खूण राजाच्या 'के'शी गल्लत करायची, म्हणून 'जॅक' हे खालच्या दर्जाचं मानलेलं नाव वर आलं. आपण मात्र 'जे' बघतो आणि बिनदिक्कत 'गुलाम' म्हणतो! जोकरही अमेरिकेचाच. 1860 च्या दशकात युकर नावाच्या खेळात सगळ्यांवर मात करणारा एक जादा हुकूम हवा होता, तो हा. रमीत आपण त्याच्यावाचून पान हलवत नाही.

या कोपऱ्याची खरी किंमत मला मुळशीत कळते. पावसाळ्यात इथे लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. मग मोबाइलच्या टॉर्चवर मेंढीकोट सुरू होतं. माझ्या आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. राणीचा चेहरा तिला दिसत नाही, पण मेंढी ती कधीच चुकवत नाही, कारण साऱ्या कॅटमध्ये दहाच्याच कोपऱ्यात दोन आकडे असतात. शनिवारी धरणाकाठच्या होमस्टेमध्ये उतरणारी मुलं काळ्यावर सोनेरी छापलेले महागडे कॅट आणतात. एका हातानं पत्त्यांचे मनोरे फिरवतात, रील करतात. दिसतं छान. पण त्याच कॅटनं बदामसात खेळायला बसा, काळ्यावर बारीक सोनेरी इस्पिक शोधताना डोळे दुखतात. या नव्या कॅटबद्दल माझी तक्रार एवढीच की ते बघून घेण्यासाठी केलेत. 1885 पासून छापला जाणारा 'बायसिकल' असा हट्ट धरत नाही. त्याच्या 'रायडर बॅक' पाठीवर पंखवाली मुलं सायकल चालवतात, हे अनेकांना वर्षानुवर्षं खेळूनही माहीत नसतं. त्यानं खेळाचं काहीच अडत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आपला सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यांना कोपराच नाही, मग खूण कुठे छापणार? मासे सहा की सात ते मोजावं लागतं. शिवाय अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्यांत उलट. म्हणजे पत्ता पूर्ण पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. दिवसा खेळ रामाच्या राजानं उघडायचा, रात्री कृष्णाच्या. बावन्न पत्त्यांना बाहेर दिवस आहे की रात्र, याच्याशी कर्तव्य नसतं.

हे पत्ते जवळजवळ संपले होते. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांचं काम पुन्हा उभं केलं. आज तो हात जिवंत आहे याचं श्रेय त्यांचं. पण माझ्या ओळखीच्या घरांत गंजिफा आहे तो फ्रेममध्ये, नाहीतर चहाच्या कपाखाली. तो खेळता येणारं एकही घर मला माहीत नाही. जो पत्ता पूर्ण पाहण्यासाठीच काढला, तोही आता कुणी मोजत नाही. चित्र वाचलं, डाव गेला. माझ्या लेखी हे अर्धंच पुनरुज्जीवन आहे, आणि उरलेलं अर्धं चिताऱ्यांच्या हातात नाही, घेणाऱ्यांच्या हातात आहे.

आता फोनवरची रमी उघडा. पाच इंची पडद्यावर तेरा पत्ते बसवायचे म्हणून अक्षर फुगलंय, राजाची मिशी गेली, तलवार गेली, कधी कधी राजाच गेला. स्क्वीझर्सनं जे सुरू केलं ते तिथे पूर्ण झालंय. पत्ता संपून नुसता कोपरा उरलाय. आत्याला मी तो खेळ दाखवला. तिला सगळं स्वच्छ दिसलं. दोन डाव खेळली आणि फोन परत देत म्हणाली, "पिसायला मिळत नाही रे यात."