आधी गोळी की आधी आजार? एक पेपर वाचताना

सिनॉप्सिसचे दिवस आलेत. परवा एका ज्युनिअरने मसुदा वाचायला दिला. पहिलंच वाक्य: 'अँटिबायोटिकमुळे ग्लुटेनचा त्रास होतो हे सिद्ध झाले आहे.' संदर्भ होता कार्ल मोरिल्ड आणि सहकाऱ्यांचा, स्वीडनमधला, २०१३ चा. पेपर चांगला आहे, पण तो असं म्हणत नाही. चला, बघू.

पहिली गफलत शब्दाची. पेपर सिलिॲक आजारावर आहे. त्यात ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. 'मला गहू सोसत नाही' ही तक्रार दरवेळी सिलिॲक नसते.

बायोप्सीने निदान झालेले २,९३३ रुग्ण घेतले आणि त्यांनी आधी अँटिबायोटिक घेतलं होतं का, हे राष्ट्रीय औषध-नोंदीत पाहिलं. रुग्णाच्या आठवणीवर भिस्त नाही, ही मोठी जमेची बाजू. ऑड्स रेशो आला १.४०.

आता कच्चा दुवा. सिलिॲकचं निदान व्हायला कधीकधी वर्षं जातात. तोवर पोट बिघडतं, जुलाब होतात आणि अँटिबायोटिक दिलं जातं. म्हणजे आजार आधी, गोळी नंतर! लेखकांनाही ही शंका होती. त्यांनी निदानाआधीचं एक वर्ष वगळून पाहिलं, रेशो १.३० राहिला. पण एक वर्ष पुरेसं आहे का? शिवाय आतड्याला फक्त सूज असलेल्यांमध्ये रेशो १.९० होता. लेखकांना त्यात जिवाणूंचा समतोल बिघडल्याची शक्यता दिसते. मला वाटतं, ज्यांचं पोट आधीच बिघडलं होतं, त्यांनाच गोळ्याही मिळाल्या आणि त्यांचीच बायोप्सीही झाली, असंही असू शकेल. कार्यकारणभाव नसण्याची शक्यता लेखकांनी स्वतःच मोकळी ठेवली आहे.

पुढे २०१७ मध्ये 'टेडी' अभ्यासाने जनुकीय जोखीम असलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. संबंध आढळला नाही. २०१९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या नोंदींत पुन्हा हलका संबंध दिसला. मग 'सिद्ध' कुठून आलं?

आणि कोल्हापूरचं काय? जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप संशोधकाला सापडेल अशा नोंदीत येतच नाही. २०१६ च्या भारतीय अभ्यासात सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. चपातीबरोबर ज्वारीची भाकरी आणि भात खाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यातला कुठलाच आकडा सरळ लावता येत नाही. तुमचा रिसर्च गॅप इथे आहे.

बाणाची दिशा चुकली तर नुकसान कुणाचं? निदान न झालेल्या मुलाला कोर्सवर कोर्स मिळतात. आजार तसाच राहतो, आणि दरवेळी आतड्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू तगतात. उद्या खरोखरीचं इन्फेक्शन झालं तर तेच औषध निकामी ठरू शकतं. दुसरीकडे, 'सिद्ध' वाचून कुणी तपासणीआधीच गहू सोडला, तर रक्ततपासणी आणि बायोप्सी खोटी नॉर्मल येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य.

ज्युनिअरने वाक्य बदललं: 'संबंध आढळला आहे, दिशा स्पष्ट नाही.' आता तुमचा मसुदा उघडा, 'सिद्ध' शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी मूळ पेपर शेवटपर्यंत वाचा.