वीर दिसतो, नट दिसतो का?

काबुकी नाटकातल्या वीरांची ही जपानी चित्रं लाकडी ठशांवरून छापलेली आहेत. बांबू मुळासकट उपटणारा हा गोरो पुन्हा एकदा बघू. सतराव्या शतकाच्या अखेरचं, तोरी घराण्यातल्या कियोमासूचं हे काम मानतात. पोटऱ्या भोपळ्यासारख्या फुगलेल्या, रेघ गांडुळासारखी कुठे जाड, कुठे बारीक. शरीर म्हणून पाहिलं तर सगळं चूक. पण जोर? तो खराच!

आता ‘शिबाराकू’तला वीर. त्याच्या अवाढव्य बाहीवर एकात एक बसवलेली तीन चौकोनी मापं आहेत, आपल्याकडे धान्य मोजायला शेर-पायली असते तशी. ही कुणा सरदाराची निशाणी नव्हे. इचिकावा दांजुरो या नटघराण्याची आहे. म्हणजे गिऱ्हाईक एका कागदात वीरही घरी न्यायचं आणि नटही. 1842 साली सरकारनं नटांच्या चित्रांवर बंदी आणली. पुढे काही वर्षांनी चित्रं परत आली ती नटाच्या नावाशिवाय; पण चेहरा पाहून लोकांना कळायचंच.

आपल्याकडे 1894 साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला. त्या चित्रांतले हातवारे, दागिने, पडद्यासारखी पार्श्वभूमी यांत नाटक उघड दिसतं. नट मात्र कुठेच नाही. छापाई सुरेख, यात वाद नाही; पण आम्हाला ही उणीव वाटते.

आणि इतक्या लांब जायलाच नको. आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात कोकणा लोकांचा भवाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर भीम, रावण, नरसिंह अशी सोंगं येतात. मुखवटा लाकडी आणि जड. आतल्या माणसाचा चेहरा झाकलेला. तरी गाव त्याला नाचावरून ओळखतं. पुष्कळ ठिकाणी सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं, म्हणजे दांजुरोसारखंच की! फरक एवढाच, की दांजुरोची मापं बाहीवर छापली गेली.

आपण शहरवाले काय करतो? मुखवटा आणून भिंतीवर टांगतो, खाली चिठ्ठी लावतो, ‘भीम, लाकूड व रंग’. तो कोणत्या गावातल्या, कोणत्या घरातला भीम होता, हे लिहायला त्या चिठ्ठीवर भरपूर जागा असते.